एस्पेरांतोत शब्दक्रम मोकळा आहे, म्हणजे नेमका किती?

एस्पेरांतो या रचलेल्या भाषेबद्दलचा प्रश्न असा आहे: "सात-आठ महिन्यांपासून एस्पेरांतो शिकतो आहे. या भाषेत शब्दक्रम मोकळा असतो असे जिथे तिथे वाचले, म्हणून ब्राझीलमधल्या पत्रमित्राला मराठीच्याच वळणाने, क्रियापद शेवटी ठेवून पत्र लिहिले. त्याने कळवले, 'चूक एकच सापडली, पण पत्र तीनदा वाचावे लागले.' मग मोकळा क्रम म्हणजे काय? शिवाय मी हौसेने स्वतःची एक छोटी भाषा रचतो आहे. तिच्यात क्रियापद कुठे ठेवू?" सोबत त्यांनी पत्रातली तीन वाक्ये दिली आहेत. ती पुढे ओघात येतीलच.

तुमचा पत्रमित्र सज्जन आहे. तीनदा वाचले आणि वर तसे सांगितलेही. बहुतेक लोक पहिल्या वाचनात जे कळेल त्यावर उत्तर लिहून मोकळे होतात, आणि आपले काय चुकले ते आपल्याला वर्षानुवर्षे कळत नाही. माझे असेच झाले होते. गेली वीसेक वर्षे या भाषेत पत्रव्यवहार करतो आहे आणि नवशिक्यांची पत्रे तपासतो आहे, पण पहिली तीन वर्षे माझीही पत्रे तुमच्यासारखीच होती.

आधी लिपीचे सांगतो. एस्पेरांतोची वाक्ये मी इथे देवनागरीत देतो आहे. 'च' चिमणीतला वाचा आणि 'ज' जिभेतला. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद त्या भाषेत नाही.

आता मूळ मुद्दा. लुडविक झामेनहोफ यांनी 1887 मध्ये वॉर्सात ही भाषा प्रसिद्ध केली तेव्हा व्याकरणाचे सोळा नियम दिले. 1905 मध्ये बुलोन्य-सुर-मेर इथल्या संमेलनात जो 'फुंदामेंतो' भाषेचा पाया म्हणून मान्य झाला, त्यातही हेच सोळा नियम आहेत. कर्ता कुठे, कर्म कुठे, क्रियापद कुठे, याबद्दल त्यांत एकही नियम नाही. नियम आहे तो प्रत्ययाचा. कर्माला 'न' लागतो. "ला हुंदो मोर्दास ला कातोन" म्हणजे कुत्रा मांजराला चावतो. 'कातो' म्हणजे मांजर, त्याचे 'कातोन' झाले की चावा त्यालाच बसणार, मग ते वाक्यात कुठेही बसलेले असो. "ला कातोन मोर्दास ला हुंदो", "मोर्दास ला हुंदो ला कातोन", अशा सहाही रचना व्याकरणशुद्ध आहेत.

मराठी माणसाला यात नवल वाटत नाही. कुत्रा मांजराला चावला, मांजराला कुत्रा चावला, चावला की कुत्रा मांजराला! विभक्ती आहे म्हटल्यावर शब्द फिरले तरी अर्थ फिरत नाही हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेले असते. त्यामुळे मराठी विद्यार्थी 'न' चटकन शिकतो आणि आता क्रमाची चिंता मिटली असे समजतो. तिथेच गाडी रुळावरून घसरते, आणि ती दोन वेगवेगळ्या ठिकाणी घसरते.

पहिले ठिकाण म्हणजे 'न' आणि आपला 'ला' यांच्या हद्दी जुळत नाहीत. तुमचे दुसरे वाक्य बघा: "मी मांगो मांजिस." तुम्हाला म्हणायचे होते, मी आंबा खाल्ला. ('मी' हा शब्द दोन्ही भाषांत एकच. आपल्या वर्गात पहिल्या दिवशी यावर हमखास हशा पिकतो.) पण 'मांगो'ला 'न' नाही, त्यामुळे कोणी कोणाला खाल्ले हे वाक्य सांगतच नाही. आंबे माणसांना खात नाहीत हे पत्रमित्राला ठाऊक होते म्हणून निभावले. हीच ती 'एक चूक'. ती का झाली? कारण मराठीत आपण "मी आंब्याला खाल्ले" म्हणत नाही. निर्जीव कर्म आपण उघडेच ठेवतो आणि 'ला' सजीवांसाठी, त्यातही माणसांसाठी राखतो. मी आंबा खाल्ला, पण मी शेजाऱ्याला पाहिले. एस्पेरांतोचा 'न' असा भेदभाव करत नाही. आंबा असो की शेजारी, कर्म म्हटले की 'न'. मराठी भाषकांच्या पत्रांत 'न' गळतो तो जवळजवळ नेहमी निर्जीव वस्तूंवरून, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता लाल पेन हातात घेतानाच नजर पुस्तके, पत्रे, भाकऱ्या आणि चहा यांवर जाते.

मराठीत उघडे कर्म चालते कारण आपले क्रियापद सावरून घेते. आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली, केळे खाल्ले. क्रियापदच बोट दाखवते की मी याच्याशी जुळलेलो आहे. एस्पेरांतोचे क्रियापद कोणाशीच जुळत नाही. लिंग नाही, वचन नाही, पुरुष नाही. 'मांजिस' हे मी, तू, ते सगळ्यांना एकच. म्हणजे सगळा भार त्या एका 'न'वर. तो गळला की टेकू उरत नाही.

उलट दिशेनेही घसरण होते. मराठीचा 'ला' देण्याच्या व्यवहारातही येतो: आईला पुस्तक दिले. म्हणून काही जण 'आई'लाही 'न' लावतात आणि वाक्यात दोन कर्मे होऊन बसतात. एस्पेरांतोत तिथे 'आल' हे शब्दयोगी अव्यय नामाच्या आधी येते: "मी दोनिस ला लिब्रोन आल पात्रीनो." गंमत म्हणजे 'आवडणे' मात्र अगदी आपल्यासारखे आहे. "आल मी प्लाचास मांगो", मला आंबा आवडतो. इथे आंबाच कर्ता आहे, म्हणून त्याला 'न' नाही. इंग्रजीच्या वाटेने एस्पेरांतो शिकणाऱ्याला हे समजावताना घाम फुटतो, आपल्याला ते फुकट मिळते.

आणि हो, तो 'ला'. एस्पेरांतोत 'ला' हे निश्चयवाचक उपपद आहे, नामाच्या आधी येणारे. आपला 'ला' नामाच्या मागे चिकटतो. नवा विद्यार्थी मोठ्याने वाचतो तेव्हा "हुंदो मोर्दास-ला... कातोन" असा थांबतो, जणू चावणे ही क्रियाच कर्म आहे. उपाय एकच. 'ला' उच्चारला की पुढच्या नामापर्यंत श्वास घ्यायचा नाही.

'न'चा आणखी एक उपयोग आहे जो मराठी माणूस विसरतोच विसरतो. "ला कातो साल्तास सुर ला ताब्लो" आणि "ला कातो साल्तास सुर ला ताब्लोन". पहिल्यात मांजर आधीच टेबलावर आहे आणि तिथल्या तिथे उड्या मारते आहे, दुसऱ्यात ते जमिनीवरून टेबलावर उडी मारते आहे. शब्दयोगी अव्ययानंतर एरवी 'न' लागत नाही, पण त्या जागेकडे जाणे दाखवायचे असेल तर लागतो. मराठीत 'टेबलावर' दोन्हीकडे एकच. आपण काम भागवतो ते 'उड्या मारते' आणि 'उडी मारते' यांतल्या वचनाच्या फरकाने. भाषा आपली कामे कुठे कुठे वाटून ठेवते ते बघा.

असेच दुसरे उदाहरण. "मी लाल दार रंगवले" आणि "मी दार लाल रंगवले". मराठीत हा फरक निव्वळ क्रमाने होतो. 'लाल' दाराच्या आधी असेल तर दार मुळातच लाल होते, क्रियापदाच्या लगत असेल तर रंगवल्यावर लाल झाले. एस्पेरांतोत हे काम पुन्हा 'न' करतो. "मी फार्बिस ला रुजान पोर्दोन" म्हणजे लाल दार रंगवले, कारण विशेषण नामाशी जुळले. "मी फार्बिस ला पोर्दोन रुजा" म्हणजे दार लाल रंगवले, कारण 'रुजा'ने 'न' घेतला नाही, ते नामापासून वेगळे राहिले. तेव्हा मराठीचा क्रम अमुक ठिकाणी मोकळा आणि एस्पेरांतोचा तमुक ठिकाणी, असे आहे. सरसकट 'मोकळा' हा शब्द मला फारसा आवडत नाही.

दुसरे ठिकाण अधिक नाजूक आहे, आणि तुमच्या पत्रमित्राला तीनदा वाचावे लागले ते यामुळे. तुमचे पहिले वाक्य:

"मी ला लिब्रोन, किउन मिआ आमिको, किउ एन नागपुरो लोजास, आल मी सेंदिस, लेगिस."

नागपूरला राहणाऱ्या माझ्या मित्राने मला पाठवलेले पुस्तक मी वाचले. यात व्याकरणाची एकही चूक नाही. प्रत्येक 'न' जागेवर आहे, 'किउन'लाही त्याच्या उपवाक्यातल्या कामाप्रमाणे 'न' दिला आहे, आठ महिन्यांच्या मानाने हे कौतुकाचे. पण वाचणाऱ्याची अवस्था बघा. 'मी' आला, पण मी काय केले ते कळत नाही. पुस्तक आले, त्याचे काय ते कळत नाही. मित्र आला, त्याने काय केले ते कळत नाही. मग मित्राचा पत्ता आला. एवढे सगळे हातात धरून तो उभा आहे, आणि शेवटी 'लोजास, सेंदिस, लेगिस' अशी तीन क्रियापदे थोड्याथोड्या अंतराने डोक्यावर पडतात. आता कोणते कोणाचे ते लावायचे. शाळेत संस्कृत श्लोकाचा अन्वय लावायचो तसेच.

मराठीत हे वाक्य जड का होत नाही? कारण मराठीत आपण ते असे बांधतच नाही. मराठीत विशेषण-वाक्य नामाच्या आधी मुरडून येते: 'मित्राने पाठवलेले पुस्तक'. एका धातुसाधिताने काम भागते. नाहीतर 'जे–ते' करून दोन सरळ वाक्ये शेजारी मांडतो: मित्राने जे पुस्तक पाठवले, ते मी वाचले. एस्पेरांतोत संबंधी उपवाक्य नामाच्या नंतर येते. म्हणजे तुम्ही उपवाक्य एस्पेरांतोच्या पद्धतीने मागे ठेवले आणि मुख्य क्रियापद मराठीच्या पद्धतीने शेवटी. दोन्ही गावांच्या वेशी अडवल्या, मग वाटसरू जाणार कुठून?

आता हेच वाक्य असे:

"मी लेगिस ला लिब्रोन, किउन सेंदिस आल मी मिआ आमिको, किउ लोजास एन नागपुरो."

शब्द तेच, प्रत्यय तेच, फक्त मांडणी बदलली. मुख्य क्रियापद लगेच आले. दुसरी गोष्ट सहज लक्षात येत नाही, ती सांगतो. उपवाक्यात मी कर्ता क्रियापदाच्या नंतर टाकला: 'सेंदिस आल मी मिआ आमिको'. का? म्हणजे 'मित्र' हा शब्द त्याच्या 'नागपूरला राहणाऱ्या' उपवाक्याला चिकटून येतो. हे मला इंग्रजीत करता आले नसते. एस्पेरांतोत येते, कारण 'किउन'ला 'न' आहे, म्हणून कर्ता क्रियापदापुढे की मागे हा प्रश्नच उरत नाही. मोकळ्या क्रमाची खरी मिळकत ही आहे. जे शब्द एकमेकांचे आहेत त्यांना जवळ आणता येते.

आता बातमीचा मुद्दा. कोणत्याही वाक्यात थोडे माहीत असलेले असते आणि थोडे नवे. मराठीत नवे ते बहुतेक वेळा क्रियापदाच्या लगेच आधी येते. "मांजराला कोण चावले?" उत्तर: "मांजराला कुत्रा चावला." 'चावला' तर आधीच माहीत आहे, तरी ते शेवटी जाऊन बसते, आणि बातमी त्याच्या अलीकडे. एस्पेरांतोत लेखनाची रूढी अशी पडली आहे की बातमी वाक्याच्या शेवटाकडे येते. तोच प्रश्न विचारला तर सहज उत्तर येईल: "ला कातोन मोर्दिस ला हुंदो." कुत्रा शेवटी. आणि "कुत्रा कोणाला चावला?" असे विचारले तर: "ला हुंदो मोर्दिस ला कातोन." मांजर शेवटी. हा नियम कोणी लिहून दिलेला नाही, वापरातून आलेला आहे, आणि मोडला तर वाक्य चूक ठरत नाही. फक्त वाचणारा शेवटच्या शब्दाकडे बातमीच्या आशेने बघतो आणि त्याला तिथे 'खाल्ला', 'घेतले', 'आहे' असे काहीतरी मिळते. पत्रभर तेच झाले की तो दमतो.

सगळ्यांनी कर्ता-क्रियापद-कर्म याच क्रमात लिहावे असे मी म्हणत नाही. रोजच्या एस्पेरांतोत तोच क्रम सर्वाधिक दिसतो हे खरे. जपानी माणसाची मातृभाषाही क्रियापद शेवटी ठेवणारी, पण मला जपानहून आलेली पत्रे बहुतेक याच क्रमात असतात. कारण तो 'मधला' क्रम आहे, कोणालाही थांबायला लावत नाही. त्यातून बाहेर पडायचे ते कारण असेल तेव्हा. कर्म आधी आणले की वाचणाऱ्याला कळते, आता याच्याविषयी काही सांगणार. क्रियापद आधी आणले की काहीतरी घडते आहे, कोणीतरी येते आहे असा सूर लागतो: "वेनिस नोवा इन्स्त्रुइस्तो", नवीन मास्तर आले. मराठीतही आपण गोष्ट सांगताना "आले एकदाचे मास्तर!" म्हणतोच की. कारण नसताना शब्द फिरवला तर मात्र वाचणाऱ्याला वाटते की इथे काहीतरी सुचवले आहे, आणि तो ते शोधत बसतो.

आता ज्या शब्दांची जागा मुळीच मोकळी नाही, त्यांच्याकडे येऊ. तुमचे तिसरे वाक्य याच खड्ड्यात पडले आहे: "मी आंकाव ला लिब्रोन लेगिस." तुम्हाला म्हणायचे होते "मीही ते पुस्तक वाचले." तुम्ही लिहिलेत "मी ते पुस्तकही वाचले." पत्रमित्राला ही चूक सापडली नाही, सापडणारही नव्हती, कारण वाक्य शुद्ध आहे, फक्त वेगळे आहे. मराठीत 'ही', 'सुद्धा', 'च' हे सगळे शब्दाच्या मागे चिकटतात. एस्पेरांतोत 'आंकाव' (ही, सुद्धा), 'नुर' (फक्त, च), 'एच' (देखील, चक्क) आणि 'ने' (नाही) हे सगळे ज्या शब्दावर भर द्यायचा त्याच्या आधी येतात. "आंकाव मी लेगिस ला लिब्रोन" म्हणजे मीही वाचले. "नुर मी लेगिस ला लेतेरोन" म्हणजे मीच पत्र वाचले, "मी लेगिस नुर ला लेतेरोन" म्हणजे पत्रच वाचले, "मी नुर लेगिस" म्हणजे वाचलेच फक्त, बाकी काही केले नाही. 'ने'चेही तसेच: "ने मी दिरिस तियोन", ते बोलणारा मी नव्हे, "मी ने दिरिस तियोन", मी ते बोललो नाही. माझ्या हिशेबी 'न' विसरण्यापेक्षा ही चूक जास्त घातक. 'न' विसरला तर वाचणारा अडखळतो, ही चूक झाली तर तो न अडखळता चुकीचे समजतो.

प्रश्नाचे 'का' आपण शेवटी लावतो, एस्पेरांतोत 'चु' सुरुवातीला येते: "चु वी वेनास?" म्हणजे येतोस का? यात कोणी फार चुकत नाही, कारण 'चु' इतके ठसठशीत आहे. पोलिश भाषेतून आलेले आहे ते.

एक मदत मात्र मराठी भाषकाला अशी मिळते की मला दरवेळी हेवा वाटावा, म्हणजे स्वतःचाच. एस्पेरांतोत जोडीने येणाऱ्या शब्दांची एक सारणी आहे, पाच सुरुवाती आणि नऊ शेवट, एकूण 45 शब्द. 'तिए' तिथे, 'किए' कुठे आणि जिथे, 'तियाम' तेव्हा, 'कियाम' केव्हा आणि जेव्हा, 'तिया' तसा, 'किया' कसा आणि जसा, 'तियोम' तितका, 'कियोम' किती आणि जितका. आपले जेव्हा–तेव्हा, जिथे–तिथे, जसा–तसा जवळजवळ जसेच्या तसे. फरक एवढाच की आपण प्रश्नाला 'क' आणि संबंधाला 'ज' वेगळे ठेवतो, एस्पेरांतोत दोन्हीला 'कि' एकच. म्हणून तुमच्या त्या लांबलचक वाक्यांवर आणखी एक उपाय आहे: मराठीतला 'जे–ते' सरळ वापरा. "कियोन वी सेमास, तियोन वी रिकोल्तोस", जे पेराल तेच कापाल. संबंधी भाग आधी, मुख्य नंतर, हा आपला आवडता क्रम इथे उत्तम एस्पेरांतोही आहे. शब्दशः भाषांतर करायचेच असेल तर इथे करा!

त्याउलट 'मित्राने पाठवलेले पुस्तक' याचे शब्दशः रूप, "ला दे मिआ आमिको सेंदिता लिब्रो", व्याकरणात बसते पण कानाला बसत नाही. 'ला' आणि 'लिब्रो' यांच्यामध्ये वरात शिरली आहे. "ला लिब्रो सेंदिता दे मिआ आमिको" म्हणा.

आता तुमच्या स्वतःच्या भाषेचे. कोण करतो आणि कोणाला होते, हे सांगायला भाषेकडे तीन साधने असतात. प्रत्यय, जागा, किंवा मध्ये उभे राहणारे छोटे शब्द. रचलेल्या भाषांत तिन्ही वापरून झाली आहेत.

एस्पेरांतो प्रत्ययाच्या बाजूची. तिथेही हा प्रत्यय सुखासुखी टिकलेला नाही. खुद्द झामेनहोफ यांनी 1894 मध्ये सुधारणांचा जो प्रस्ताव मांडला त्यात 'न' काढून टाकायचे होते. 'ला एस्पेरांतिस्तो' या नियतकालिकाच्या वर्गणीदारांनी मतदान करून तो फेटाळला. 1907 मध्ये फुटून निघालेल्या इदो भाषेने मधला मार्ग काढला: कर्म कर्त्याच्या आधी आले तरच 'न' लावायचा. कागदावर हे शहाणपणाचे दिसते. पण मग बोलणाऱ्याला प्रत्येक वाक्याच्या आधी ठरवावे लागते की आज क्रम सरळ आहे की उलटा, आणि जो प्रत्यय क्वचितच लागतो तो लागायच्या वेळी आठवत नाही. माझ्या मते नेहमी लावणे हेच कमी कष्टाचे. उलट बाजूही सांगायला हवी. घरात एस्पेरांतो ऐकतच वाढलेल्या मुलांचा बेंजामिन बर्गेन यांनी 2001 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसले की या मुलांच्या बोलण्यात 'न' मधूनमधून गळतो आणि कर्ता-क्रियापद-कर्म हा क्रम घट्ट होत जातो. जागेने काम होते आहे म्हटल्यावर मुले प्रत्यय वाहून नेत नाहीत.

तोकी पोना, सोन्या लँग यांनी 2001 मध्ये मांडलेली छोटी भाषा, तिसऱ्या साधनाची. "जान ली मोकु ए किली", माणूस फळ खातो. 'ली' आला की क्रिया सुरू, 'ए' आला की कर्म सुरू. प्रत्यय शून्य, क्रम ठरलेला. तिथेही एक 'ला' आहे, तो वेळ किंवा प्रसंग सांगणाऱ्या भागाच्या मागे येतो: "तेन्पो नी ला मी मोकु", या वेळी मी जेवतो. मी इथेही मीच! लोज्बान या तर्कावर बेतलेल्या भाषेतही 'मी' म्हणजे मीच आणि 'ला' हा विशेषनामाआधी येतो. चार भाषांत चार 'ला', एकही दुसऱ्यासारखा नाही. लोज्बानमध्ये "मी प्रामी दो" आणि "मी दो प्रामी" यांचा अर्थ एकच, मी तुझ्यावर प्रेम करतो. क्रियावाचक शब्द मध्ये ठेवा की शेवटी, पहिल्या क्रमांकाचा तो करणारा आणि दुसऱ्या क्रमांकाचा तो ज्याच्यावर करायचे तो. म्हणजे जागाच, पण मोजून.

निव्वळ जागेचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण क्लिंगॉन. मार्क ओक्रँड यांनी चित्रपटातल्या परग्रहवासीयांसाठी ती रचली आणि मुद्दाम कर्म-क्रियापद-कर्ता हा क्रम घेतला, कारण माणसांच्या भाषांत तो फार दुर्मीळ आहे. ब्राझीलमधली हिश्कार्याना ही असा क्रम असणाऱ्या भाषांतली नावाजलेली. "पुक लेघ याष" म्हणजे अधिकाऱ्याला मूल दिसते, शब्दांचा क्रम मात्र मूल–पाहतो–अधिकारी. भाषा परकी वाटावी हाच हेतू होता, आणि तो साधला.

तुमचा हेतू काय ते तुम्ही लिहिले नाही, पण प्रश्नाच्या सुरावरून वाटते की तुम्हाला मराठीसारखी, क्रियापद शेवटी ठेवणारी भाषा हवी आहे. जरूर करा. मग नामाआधी येणारी अव्यये घेऊ नका, मराठीसारखी नामामागे चिकटणारी घ्या: घरामागे, झाडाखाली. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी 1963 मध्ये तीस भाषा तपासून जी 45 विधाने मांडली त्यांत हा मेळ ठळक आहे. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषांत अव्यये बहुतेक नामामागे येतात. हा कायदा नव्हे, पण एकीकडे क्रियापद शेवटी आणि दुसरीकडे उपवाक्ये नामानंतर असे केलेत तर तुमची भाषा तुमच्या त्या पहिल्या वाक्यासारखीच होईल. उपवाक्य नामाआधी आणा, किंवा 'जे–ते' ठेवा. आणि सजीव कर्माला प्रत्यय, निर्जीवाला नाही, हा मराठीचा भेद हवा असेल तर क्रियापदाला कोणाशी तरी जुळवा, नाहीतर आंबा माणसाला खातो.

शब्दसंग्रह वाढवण्याआधी पाच वाक्ये तुमच्या भाषेत लिहून बघा: कुत्रा मांजराला चावला, मांजराला कुत्राच चावला, मीही ते पुस्तक वाचले, मी दार लाल रंगवले, नागपूरच्या मित्राने पाठवलेले पुस्तक मी वाचले. नियम तुमच्याकडून समजून घेतलेल्या कोणा मित्राला ती द्या आणि शेजारी बसून तो कुठे थांबतो ते बघा. तिसऱ्या वाक्यात 'ही' कोणाला चिकटला हे त्याने न विचारता सांगितले, तर पाचव्याकडे जा.

आणि ब्राझीलला पुढचे पत्र पाठवाल तेव्हा "मी मांजिस मांगोन" असे लिहा. आंबा कोणता होता तेही लिहा, हापूस की पायरी. बातमी शेवटी येते म्हटल्यावर 'मांगोन'च्या पुढे ते नाव यायला जागा आहेच.